देणारा, करणारा आणि गांव

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या दुष्काळी तालुक्यांतील बहुतेक शिवारांत एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. ती म्हणजे पाटी. ओढ्यावरील सिमेंटचा बंधारा असो, गाळ काढलेला तलाव असो, किंवा डोंगरउतारावरील समतल चर असोत, त्यांच्या कडेला एक पाटी उभी असते. तिजवर पैसा देणाऱ्याचें नांव मोठ्या अक्षरांत, काम करणाऱ्या संस्थेचें नांव त्याखालीं, आणि गांवाचें नांव अखेरीस असतें. कांहीं वर्षांनीं पाटी गंजते व अक्षरें पुसट होतात. बंधारा मात्र कोठें जसाच्या तसा टिकलेला आढळतो, कोठें गाळानें भरलेला, तर कोठें पायथ्याशीं फुटून पाणी सोडून देणारा आढळतो. सारखा पाऊस, सारखी जमीन आणि सारखाच खर्च असतां दोन शेजारच्या गांवांत असा भेद कां पडतो, हा प्रश्न प्रत्येक विचारी शेतकऱ्याच्या मनांत येण्यासारखा आहे.

अभियंत्यास विचारल्यास तो पाया, सांडवा व मातीची जात यांचीं कारणें सांगेल, आणि तीं खोटीं नाहींत. परंतु आमच्या मतें याचें आणखी एक कारण आहे व त्याकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. पैसा देणारा, काम करणारी संस्था आणि ज्याच्या जमिनीवर काम व्हावयाचें तें गांव, या तिघांमध्यें बोलणें कसें झालें, कोणीं कोणास काय विचारलें, हिशेब कोणापुढें मांडला गेला, आणि काम बिघडलें तेव्हां तें उघड सांगण्याची मुभा कोणास होती, यांवर कामाचें आयुष्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. प्रस्तुत लेखांत या बोलण्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जवळचा दाता आणि दूरचा दाता

देणगीवर सार्वजनिक काम उभें करणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. देवळांचा जीर्णोद्धार, पाणपोया, धर्मशाळा व विहिरी हीं कामें गांवकऱ्यांच्या वर्गणीवर आणि एखाद्या सधन गृहस्थाच्या औदार्यावर होत आलीं. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें उभ्या राहिलेल्या पैसाफंडांत घरोघरचा पैसा पैसा गोळा झाला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांव येथें काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनीं दिलेल्या धान्यावर व मदतीवर वाढली.

अशा देणगींत दाता जवळ असे. विहिरीचें बांधकाम कच्चें झालें तर तें त्याच्या डोळ्यांपुढें असे, आणि काम करणाऱ्यास त्याला बाजाराच्या दिवशीं तोंड द्यावें लागे. लेखी अहवालाची गरज पडत नसे, कारण सारें गांव हाच अहवाल होता. पुढें दुष्काळनिवारणाच्या व पाणी अडविण्याच्या कामांचा व्याप वाढला. त्यास लागणारा पैसा गांवांत नव्हता, तालुक्यांतहि नव्हता. तो मुंबई-दिल्लीहून व परदेशांतून येऊं लागला. दाता दूर गेला. त्याचे डोळे म्हणून संस्था आली, आणि संस्थेचे डोळे म्हणून कागद आला. हें अपरिहार्यच होतें. परंतु अंतर वाढलें म्हणजे बोलण्याची नवी रीत बसवावी लागते. ती न बसवितां नुसता पैसा वाढविला तर काय होतें, हें पुढें दिसून येईल. ज्यांनीं ती रीत बसविण्याचा प्रयत्न केला त्यांचे दोन दाखले प्रथम पाहूं.

पाणीपंचायतीचे तीन वाटे

१९७२ च्या दुष्काळानंतर अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानाची सुमारें ४० एकर उजाड जमीन खंडानें घेतली व तेथें माती आणि पाणी अडविण्याचे प्रयोग आरंभिले. १९७४ सालीं त्यांनीं ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली. त्यांतून जी चळवळ निघाली ती पाणीपंचायत या नांवानें प्रसिद्ध आहे. पाणी माणशीं द्यावयाचें, तें दरडोई अर्ध्या एकरास पुरेल इतकें. एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. भूमिहीनासहि वाटा. ऊस घ्यावयाचा नाहीं. जमीन विकली गेली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. हे नियम आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असतील.

आम्हांस येथें लक्ष वेधावयाचें आहे तें पैशाच्या मांडणीकडे. सामुदायिक उपसा योजनेच्या खर्चापैकीं शेंकडा २० लाभधारकांनीं स्वतः भरावयाचे, शेंकडा ५० सरकारी अनुदान, आणि उरलेले शेंकडा ३० प्रतिष्ठानानें बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावयाचे, अशी ती मांडणी होती. तिन्ही पक्षांचा पैसा एकाच योजनेंत गुंतला. शेतकऱ्यानें आपले २० भरले असल्यामुळें पंप कोठला घेतला व नळ किती लांबीचा टाकला, हें विचारण्याचा त्यास अधिकार आला. प्रतिष्ठानाचे ३० परत यावयाचे असल्यामुळें योजना चालते कीं बंद पडते, याची काळजी त्यास उद्घाटनानंतरहि राहिली. जो फुकट घेतो तो विचारण्यास लाजतो, आणि जो नुसतें देऊन मोकळा होतो तो पुन्हां वळून पाहत नाहीं. तिघांचा वाटा ठेवल्यानें हे दोन्ही दोष पुष्कळ अंशीं टळले.

नगर जिल्ह्यांतील खेडीं आणि जर्मन पैसा

दुसरा दाखला मोठ्या प्रमाणावरचा आहे. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरु १९४८ सालीं हिंदुस्थानांत आले आणि अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील खेड्यांत त्यांनीं कित्येक दशकें काम केलें. त्यांच्या व त्यांचे सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आंखला गेला, व १९९२ च्या सुमारास तो प्रत्यक्ष सुरू झाला. या कार्यक्रमांत पुष्कळ पक्ष होते. जर्मन सरकारची विकास बँक के. एफ. डब्ल्यू. ही कामांसाठीं पैसा देई, व तो आपल्या नाबार्ड बँकेमार्फत येई. लोकांना शिकविण्यासाठीं व संस्थांना तयार करण्यासाठीं जी. टी. झेड. ही दुसरी जर्मन संस्था निराळा पैसा देई, आणि तें शिकविण्याचें काम १९९३ सालीं नगर येथें स्थापन झालेली वॉटर ही संस्था करी. प्रत्येक गांवीं एक स्थानिक सेवाभावी संस्था असे, आणि ग्रामसभेनें नेमलेली पाणलोट समिति असे.

इतके पक्ष एका बांधावर उभे राहिले म्हणजे गोंधळ व्हावयाचाच. तो टाळण्यासाठीं या कार्यक्रमांत ज्या रीती घातल्या गेल्या, त्या आमच्या वाचकांनीं नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली रीत अशी कीं, मोठी रक्कम एकदम द्यावयाची नाहीं. प्रारंभीं वर्ष-दीड वर्षाचा शिकण्याचा काळ ठेवलेला असे. त्या काळांत पाणलोटाच्या लहानशा तुकड्यावर काम करून पाहावयाचें. समितीनें हजेरीपत्रक ठेवण्यास, मोजमाप घेण्यास व मजुरी वांटण्यास शिकावयाचें. संस्थेनें गांव ओळखावयाचें. हें जमलें तरच पुढील मोठ्या कामास मंजुरी. न जमल्यास थोड्या पैशांत सर्वांसच तें कळून येई.

दुसरी रीत श्रमदानाची. अकुशल मजुरीच्या खर्चापैकीं किमान शेंकडा १६ इतक्या किंमतीचें श्रम गांवानें द्यावयाचे. भूमिहीनांस त्यांतून सूट असे, व तें न्याय्यच होतें, कारण दुसऱ्याच्या शेतांतील बांधासाठीं त्यांनीं फुकट कां राबावें? या श्रमदानाच्या आधारें देखभालीचा निधि उभा करण्याची योजना होती, म्हणजे दाता निघून गेल्यावर सांडव्याची डागडुजी करण्यास गांवाजवळ कांहीं शिल्लक राहावी.

तिसरी रीत गटवार नियोजनाची, आणि आम्हांस ती सर्वांत मोलाची वाटते. कागदावर आराखडा काढून तो गांवावर लादण्याऐवजीं तंत्र जाणणारा मनुष्य, शेताचा मालक व त्याची पत्नी हे गट नंबर घेऊन प्रत्यक्ष शेतांतून हिंडत. येथें बांध घालावा, येथें नको, या कोपऱ्यांत पाणी तुंबतें, येथें वाट आहे, तेथें फळझाड लावूं, असें ठरवून तें कागदावर येई. त्यामुळें मागाहून "हा बांध माझ्या शेतांत कोणीं घातला?" असें म्हणण्यास जागा राहत नसे. ज्यांनीं सरकारी समपातळी बांध नांगरून टाकलेले पाहिले आहेत, त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको.

चौथी रीत ही कीं, शिकविण्याचा पैसा कामाच्या पैशांतून न काढतां वेगळा ठेवला. साधारणतः दात्यास दगड-सिमेंट दिसतें, त्याचें छायाचित्र निघतें. माणसें तयार झालेलीं छायाचित्रांत दिसत नाहींत. म्हणून त्या खात्यास नेहमीं कात्री लागते. येथें तें खातें स्वतंत्र असल्यामुळें वांचलें.

या रीती त्या एका कार्यक्रमापुरत्या राहिल्या नाहींत. १९९९-२००० सालीं केंद्र सरकारनें १०० कोटि व नाबार्डनें १०० कोटि घालून पाणलोट विकास निधि स्थापन केला, व शिकण्याचा काळ आधीं आणि पूर्ण काम नंतर हा क्रम अन्य प्रांतांतहि गेला. केंद्र सरकारनें २००८ सालीं पाणलोटाच्या कामांसाठीं जे सामाईक मार्गदर्शक नियम काढले, त्यांत कामाचे तीन टप्पे केले आहेत : तयारी, प्रत्यक्ष काम, आणि स्थिरावून माघार घेणें. याच सुमारास आदिवासी भागांतहि तसेंच घडलें. गुजराथेंतील वांसदा येथें बाएफ संस्थेनें १९८२ सालीं आंबा-काजूची वाडी सुरू केली. १९९५ पासून जर्मन मदतीनें व नाबार्डमार्फत ती वाढली. २००० पासून महाराष्ट्रांत आली. आणि २००३-०४ सालीं नाबार्डनें त्यासाठीं स्वतंत्र निधि काढला. एका लहान संस्थेनें शेतावर शिकलेली गोष्ट दात्यानें ऐकून घेतली, पुन्हां तपासली आणि आपल्या नियमांत घातली, असा हा क्रम आहे. देणाऱ्यानें व करणाऱ्यानें मिळून शिकणें तें हेंच.

अहवालाचें दुखणें

परंतु सर्वत्र असें घडत नाहीं, आणि कां घडत नाहीं हें पाहणें अगत्याचें आहे. पैसा वरून खालीं येतो व बातमी खालून वर जाते, अशी या व्यवहाराची रचना आहे. पैसा वाटेंत झिरपतो ही तक्रार सर्वांनीं ऐकली आहे. बातमीहि वाटेंत झिरपते, तिकडे लक्ष थोडें जातें.

समजा, पांच हजार रोपें लावलीं आणि वैशाखापर्यंत त्यांतील निम्मीं वाळलीं. समितीचा सभासद तें कार्यकर्त्यास सांगतो. कार्यकर्ता "कांहीं रोपांची मर झाली" असें लिहितो. तालुक्याचें कार्यालय "वृक्षलागवड समाधानकारक" असें लिहितें. दात्याच्या वार्षिक पुस्तिकेंत "पांच हजार वृक्ष लावले" एवढेंच छापलें जातें. यांत ठार खोटें कोणीच बोललेला नाहीं. कार्यकर्त्यास नोकरीची, संस्थेस पुढील हप्त्याची, आणि दात्याच्या अधिकाऱ्यास आपल्या वरिष्ठांची धास्ती होती. त्या धास्तीनें प्रत्येकानें एक एक शब्द गाळला. पुढल्या वर्षीं त्याच उतारावर, त्याच जातीचीं, त्याच महिन्यांत रोपें लावलीं जातात आणि तशींच वाळतात. वाळलेल्या रोपाची किंमत एकदांच द्यावी लागते. दडविलेल्या बातमीची किंमत दरवर्षीं द्यावी लागते.

दात्याच्या भेटींचीहि हीच कथा असते. मोटार येते, रांगोळी असते, शाल व नारळ होतो, आणि उन्हें चढण्यापूर्वीं सर्वांत चांगला बंधारा पाहून पाहुणे परत जातात. फुटलेल्या बंधाऱ्याकडे त्यांस कोणी नेत नाहीं, तेहि मागत नाहींत. वस्तुतः त्या भेटींत शिकण्यासारखें जें होतें तें त्या फुटलेल्या बंधाऱ्यापाशींच होतें.

दात्यांचाहि यांत दोष आहे. एकाच संस्थेस चार दाते असले तर चौघांचे चार नमुने, चार तारखा व चार तऱ्हेचीं मोजमापें. संस्थेचा हुशार माणूस शेतावर जावयाचा तो नमुने भरीत बसतो. शिवाय ते नमुने बहुधा इंग्रजींत असतात. ज्या समितीच्या नांवें ते भरले जातात, तिला ते वाचतां येत नाहींत. चार दात्यांनीं एकत्र बसून एक नमुना ठरविला व तो मराठींत केला, तर एक पैसाहि न वाढवितां मोठें काम होईल.

मोजावयाचें काय, हाहि प्रश्न आहे. रोपें किती लावलीं यापेक्षां तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगलीं. चर किती मीटर खणले यापेक्षां विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकलें. शिबिरें किती झालीं यापेक्षां निधि संपल्यावर समितीच्या सभा होतात कीं नाहीं, हें मोजणें जास्त उपयोगी. आपल्या राज्याचा सुमारें चार पंचमांश भाग काळ्या कातळाचा आहे. या कातळांत पाणी थोडें मावतें, आणि अडविलेलें पाणी बहुधा त्याच वर्षीं वापरून संपतें. म्हणून बंधारा झाल्यावर विहिरीस पाणी वाढलें, त्या भरंवशावर चौघांनीं कूपनलिका खणल्या, एकानें ऊस लावला, कीं पांच वर्षांत गांव पूर्वीच्याच जागीं येतें. दात्याचा अहवाल तोंपर्यंत छापून झालेला असतो.

चराईबंदीचा खर्च कोणीं सोसला?

आतां एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे वाचक बहुतांशीं जमीनधारक आहेत, म्हणून ती त्यांसच सांगणें योग्य. पाणलोटाचें काम माथ्यापासून पायथ्याकडे करावें लागतें. माथ्यावर बहुधा गायरान किंवा वनखात्याची जमीन असते. तेथें गवत व झाडें वाढावीं म्हणून चराईबंदी करावी लागते. त्यामुळें जें पाणी जिरतें तें खालच्या विहिरींत उतरतें. विहीर जमीनवाल्याची, आणि माथ्यावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्या भूमिहीनाच्या व धनगराच्या. म्हणजे लाभ एकाकडे जातो आणि पहिला खर्च दुसरा सोसतो.

ही नुसती आमची शंका नव्हे. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेनें २००२ सालीं जॉन केर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत महाराष्ट्रांतील ७० व आंध्र प्रदेशांतील १६ अशा ८६ गांवांची पाहणी होती. नुसत्या तांत्रिक दृष्टीनें चाललेल्या सरकारी कामांपेक्षां, जेथें सेवाभावी संस्थांनीं लोकांना बरोबर घेतलें तेथील कामें सरस ठरलीं, असें त्यांत आढळलें. परंतु सामाईक जमिनीवर अवलंबून असणाऱ्या गरिबांस चराईबंदीची झळ लागली, हेंहि त्यांत आढळलें. चांगल्या कामांतहि ही उणीव राहिली, याचें कारण उघड आहे. दात्याशीं बोलण्यास समिति गेली, आणि समितींत मेंढपाळ नव्हता.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. सारा माथा एकदम बंद न करतां आळीपाळीनें बंद करतां येतो. राखलेलें गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्या बाळगणाऱ्यांस देतां येतो. तळ्यांतील मासळीचा मक्ता भूमिहीनांच्या गटास देतां येतो. पाणीपंचायतीनें तर पाण्यांतच त्यांस वाटा दिला. परंतु हें सर्व आधीं ठरलें पाहिजे, आणि तें ठरतांना तीं माणसें बैठकींत पाहिजेत. स्त्रियांविषयींहि असेंच म्हणतां येईल. पाणी किती लांबून आणावें लागतें हें ज्यांच्या डोक्यास कळतें, त्यांस वगळून पाण्याचा आराखडा करणें शहाणपणाचें नाहीं.

सध्यांचे कायदे

अलीकडच्या कांहीं कायद्यांनीं या व्यवहाराचें रूप बदललें आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वयें १ एप्रिल २०१४ पासून ठराविक मोठेपणाच्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेंकडा २ भाग समाजकार्यास लावणें आवश्यक झालें. त्यामुळें देशांतीलच मोठा पैसा खेड्यांकडे येऊं लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कंपनीचें वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पाण्याचें वर्ष जून ते मे. मार्च अखेर पैसा खर्च झाला पाहिजे या घाईनें केलेलें मातीकाम पहिल्याच वळवांत वाहून जातें. २०२१ च्या दुरुस्तीनें यांत थोडी सोय केली आहे : चालू प्रकल्प म्हणून ठरविलेल्या कामाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यांत ठेवून पुढील तीन वर्षांत खर्चतां येतो. ज्या संस्थेस व गांवास हें ठाऊक असेल, तें कंपनीस एक वर्षाच्या कामाऐवजीं चार पावसाळ्यांचा आराखडा देऊं शकेल.

परदेशी देणगीच्या कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती होऊन, एका संस्थेनें घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून २० वर आली. पैशाची वाट सरळ व्हावी हा हेतु असेल. पण मोठ्या संस्थेनें लहान संस्थेस हाताशीं धरून पैसा व शिक्षण दोन्ही देण्याची जी एक रीत होती, ती परदेशी पैशापुरती बंद पडली. लहान संस्थांनीं आतां जवळच्या दात्याकडे, म्हणजे साखर कारखाने, सहकारी बँका, शहरांत नोकरीस गेलेले गांवकरी, यांकडे वळणें प्राप्त आहे. दाता पुन्हां जवळ येण्याची ही एक संधि आहे असें आम्ही समजतों.

एकमेकांपासून शिकणें

शेतकरी व्याख्यानानें थोडें शिकतो आणि शेजाऱ्याच्या शेतावरून पुष्कळ शिकतो. राळेगण सिद्धीची पंचसूत्री, म्हणजे श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व कुटुंबनियोजन, ही पाहण्यास गेलेल्या गांवकऱ्यांच्या बरोबर सर्वत्र गेली. हिवरे बाजारनें तींत कूपनलिकाबंदीची भर घातली, आणि पावसाच्या मानानें पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतीं पिकें घ्यावीं हें ग्रामसभेंत ठरविण्याचा परिपाठ पाडला. तो ताळेबंद म्हणजे गांवानें स्वतःसाठीं लिहिलेला अहवाल होय. तो कोणत्याहि दात्यानें मागितलेला नाहीं, म्हणूनच त्यांत शब्द गाळण्याचें कारण पडत नाहीं. २०१६ सालीं पानी फाउंडेशननें तीन तालुक्यांत जी पाणलोटाची स्पर्धा सुरू केली ती २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोंचली. त्यांतहि आधीं गांवांतील निवडक स्त्री-पुरुषांस शिकविलें गेलें व मग श्रमदान झालें. स्पर्धेनें उत्साह येतो हें खरें; पण उत्साह उन्हाळ्यापुरता असतो, आणि देखभाल दरवर्षींची असते, हेंहि विसरूं नये.

दात्यांनीं व संस्थांनीं गांवाच्या सहलींतून हेंच शिकावें. दोन दाते, त्यांच्या चार संस्था व त्यांचीं आठ गांवें यांनीं वर्षांतून एकदां एकत्र शिवारफेरी करावी. एक चांगलें काम व एक बिघडलेलें काम प्रत्येकानें दाखवावें. बिघडलेलें काम दाखविणाऱ्याचा हप्ता त्या कारणानें अडविला जाणार नाहीं, असें दात्यानें आधींच लिहून द्यावें. एवढें केलें तरी बातमीची गळती पुष्कळ थांबेल.

वाचकांस सूचना

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण ग्रामपंचायतींत, सोसायट्यांत व पाणलोट समित्यांत आहेत. संस्था किंवा दाता गांवीं आला असतां पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे.

१. पैसा कोणाचा, एकूण किती, किती वर्षांसाठीं, आणि त्यांतील शिकविण्यास व देखभालीस किती, हें पहिल्याच सभेंत विचारावें. विचारण्यांत अपमान नाहीं. चांगली संस्था या प्रश्नानें संतुष्टच होते.

२. करारनामा मराठींत मागावा व तो ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा.

३. एकदम सर्व शिवार हातीं घेऊं नये. आधीं लहान तुकडा, एक पावसाळा, मग पुढचें.

४. प्रत्येक गटाचा आराखडा त्या शेतांत उभें राहून, घरधनी व घरधनीण दोघांच्या समक्ष करावा.

५. पांच-सहा विहिरी ठरवून त्यांच्या पाण्याची खोली दर महिन्याच्या एकाच तारखेस दोरीनें मोजावी व वहींत लिहावी. पर्जन्यमापक शाळेंत ठेवावा; मुलें आनंदानें नोंद ठेवतील. दात्याचे आंकडे व गांवाचे आंकडे जुळत नसतील तर गांवाची वही पुढें करतां येईल.

६. चराईबंदी ठरविण्यापूर्वीं शेळ्या-मेंढ्या बाळगणाऱ्यांची निराळी बैठक घ्यावी, व त्यांस काय द्यावयाचें तें ठरावांत लिहावें.

७. पाहुणे आले म्हणजे बिघडलेलें काम त्यांस आधीं दाखवावें, आणि चांगलें नंतर.

८. निधि संपल्यावरहि वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीनंतर, समितीची सभा भरवावी. सांडवे, पिचिंग व गाळ यांची पाहणी करून खर्च देखभाल निधींतून करावा.

यांपैकीं पांचवी व आठवी या सूचनांस कोणाच्याहि देणगीची गरज नाहीं. एक दोरी, एक वही आणि महिन्यांतील एक सकाळ एवढें भांडवल पुरे. ज्या गांवाजवळ दहा वर्षांच्या विहिरींची नोंद आहे, त्या गांवाशीं दाता निराळ्या रीतीनें बोलतो, संस्थाहि निराळ्या रीतीनें बोलते. कारण त्या गांवास आपल्या पाण्याविषयीं त्यांच्याहून अधिक ठाऊक असतें. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्या गांवीं अशी वही सुरू होईल, तेथील मंडळींनीं आपले आंकडे वर्षाअखेर आम्हांकडे धाडावे. चांगले वाईट जसे असतील तसे धाडावे; ते या मासिकांत तसेच छापूं.